वजन शून्य, अ‍ॅप गायब: जावास्क्रिप्टमधून डीएलएलला हाक मारताना

प्रश्न असा आहे: लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडतीसाठी मी इलेक्ट्रॉनमध्ये (जावास्क्रिप्टवर डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवायची चौकट) काटापट्टीचं अ‍ॅप करतोय. भुईकाटा बसवणाऱ्यांनी एक डीएलएल (तयार फंक्शनांची विंडोज फाइल) आणि दोन पानांची पीडीएफ दिली आहे. जावास्क्रिप्टमधून डीएलएलला हाक मारायला जुन्या लेखांत ‘एफएफआय-नापी वापरा’ म्हणून लिहिलंय, ते नव्या इलेक्ट्रॉनवर चालतच नाही. त्याच कामाचं दुसरं पॅकेज, कॉफी, वापरलं तर फंक्शन ‘यशस्वी’ म्हणून उत्तर देतं, पण वजन कायम शून्य. वीस मिनिटांनी, कधी दोन तासांनी, अ‍ॅप काही न बोलता बंद पडतं. ट्राय-कॅच लावूनही हाती काही लागत नाही. गाडी काट्यावर स्थिर होईपर्यंत स्क्रीन गोठते. आणि डीएलएलकडूनच पावती छापून घेतली तर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी परदेशी अक्षरांची रांग येते. सोयाबीनचा सीझन तोंडावर आला आहे. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

वजन शून्य का येतंय ते डीएलएल न बघताही बहुधा सांगता येईल. त्या फंक्शनला वजन ‘डबल’ (दशांश आकडा) म्हणून लिहायचंय आणि तुम्ही त्याला ‘इंट’चा (चार बाइटांच्या पूर्णांकाचा) पत्ता दिलाय. पीडीएफमध्ये ‘वेट’ आणि पुढे ‘नंबर’ एवढंच असणार. स्क्रीनवर किलो पूर्णांकात दिसतात, म्हणून तुम्ही इंट धरलं. मीही एकदा तेच धरलं होतं.

जरा जवळून बघू. काट्यावर १८,६४० किलोची गाडी उभी आहे. डबल म्हणजे आठ बाइट. १८,६४० हा आकडा त्या आठ बाइटांत सोळाच्या पायानं लिहिला तर होतो: ४०, डी२, ३४ आणि त्यापुढे पाच वेळा ००. पण आपल्या संगणकातला प्रोसेसर मेमरीत तो शेपटाकडून मांडतो. आधी पाच शून्य बाइट, मग ३४, मग डी२, सगळ्यात शेवटी ४०. तुम्ही इंट म्हणून पहिले चार बाइट उचलता आणि ते चारही शून्य आहेत. गाडी बदला, साडेअठरा हजारांवर अर्धा किलो करा, शून्यच येणार. काटा खोटं बोलत नाही, फंक्शनही बोलत नाही. तुम्ही बघताय ती जागाच रिकामी आहे.

शून्य दिसतंय ते एक वेळ परवडलं, कारण ते निदान डोळ्यांना दिसतं. खरी भानगड पुढच्या चार बाइटांत आहे. तुम्ही चार बाइटांची जागा दिलीत, फंक्शननं आठ लिहिले. उरलेले चार शेजारच्या वावरात गेले. बांध कोरला गेला. शेजारी कोण असेल ते दर खेपेला वेगळं. कधी मोकळी जागा असते, काहीच होत नाही. कधी तिथं दुसऱ्याच कुणाचा पत्ता ठेवलेला असतो, आणि तो वापरायची वेळ अर्ध्या तासानं येते. म्हणून तुमचं अ‍ॅप वजन वाचताना पडत नाही, पुढे कधीतरी, भलत्याच कामात पडतं. तुम्ही त्या भलत्या कामात चूक शोधत बसता.

ट्राय-कॅच इथं उपयोगाचं नाही. ते जावास्क्रिप्टनं फेकलेल्या चुका झेलतं. इथं कुणी काही फेकतच नाही. विंडोज अख्खी प्रोसेस मारून टाकतं. प्रोसेस कोणत्या कोडनं संपली ते बघा. ३२२१२२५४७७ हा आकडा दिसला तर परवानगी नसलेल्या मेमरीला हात लागला. ३२२१२२६३५६ दिसला तर हीपची (प्रोग्रॅमनं चालताना मागून घेतलेल्या मेमरीची) नासाडी झाली, म्हणजे हाच बांध कोरण्याचा प्रकार. हे दोन आकडे मी भिंतीवर लिहून ठेवलेत.

असं होऊ शकतं याचं कारण, डीएलएलच्या फाइलीत फंक्शनांची नावं असतात, प्रकार नसतात. अमुक नावाचं दार कुठं आहे एवढं फाइल सांगते. त्या दारातून आत काय न्यायचं आणि बाहेर काय येणार ते सी भाषेच्या हेडर फाइलीत असतं, आणि हेडर तुम्हाला दिलेलीच नाही. कॉफीला तुम्ही जी सिग्नेचर (फंक्शन काय घेतं, काय परत देतं याची ओळ) लिहून देता ती तपासायला कुणी बसलेलं नाही. ती मुकाट्यानं मानली जाते. ६४-बिट विंडोजवर पहिली चार आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेल्या किमती) ठरलेल्या रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांतून) जातात: पूर्णांक किंवा पॉइंटर असेल तर आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९, दशांश असेल तर एक्सएमएम० ते एक्सएमएम३. उत्तराचंही तसंच. पूर्णांक आरएएक्समध्ये येतो, डबल एक्सएमएम० मध्ये. म्हणजे फंक्शन डबल परत देत असेल आणि तुम्ही इंट लिहिलंत, तर तुम्ही भलत्याच खिशात हात घातला. तिथं आधीच्या कुठल्या तरी कामाचं उरलंसुरलं असतं, तेच तुम्हाला वजन म्हणून दिसतं.

तेव्हा काटेवाल्यांकडे पहिली मागणी हेडर फाइलीची. ‘तसलं काही नसतं’ असं उत्तर येईल. मग व्हीबी-६ किंवा सी-शार्पमधला नमुना मागा. तो बहुतेकांकडे सापडतो. पण तो वाचताना सावध. व्हीबी-६ मधला ‘इंटिजर’ दोन बाइटांचा आणि ‘लाँग’ चार बाइटांचा असतो. सी-शार्पचा ‘लाँग’ आठ बाइटांचा. सीचा ‘लाँग’ विंडोजवर ६४-बिटमध्येही चारच बाइट, आणि तोच कोड लिनक्सवर नेला तर आठ. एकच शब्द आणि तीन अर्थ. शिवाय व्हीबी-६ मध्ये ‘बायव्हॅल’ लिहिलेलं नसेल तर आर्ग्युमेंट पत्त्यानं जातं, किमतीनं नाही. सी-शार्पचा ‘बूल’ डीएलएलकडे जाताना, वेगळं काही सांगितलं नसेल तर, चार बाइटांचा होऊन जातो. मी असा नमुना आला की वहीत दोन रकाने पाडतो, एकात त्यांचा शब्द, दुसऱ्यात बाइट. संगणकावर बसायच्या आधी.

स्ट्रक्चर आलं तर रकाना आणखी एक. समजा वजन एकटं न येता तीन गोष्टी एकत्र येतात: गाडी स्थिर आहे की नाही यासाठी एक बाइट, मग डबलमध्ये वजन, मग चार बाइटांची स्थिती. बेरीज केली तर तेरा बाइट. कंपायलर मात्र डबल आठच्या पटीवरच ठेवतो. म्हणून पहिल्या बाइटनंतर सात बाइट रिकामे, वजन आठव्या ठिकाणी, स्थिती सोळाव्या, आणि सगळं मिळून चोवीस. पण डीएलएल लिहिणाऱ्यानं ‘प्राग्मा पॅक १’ टाकलं असेल तर रिकामी जागा नाही, खरोखरच तेरा. कॉफीत दोन्ही प्रकार आहेत, साधं ‘स्ट्रक्ट’ आणि दाबून बसवलेलं ‘पॅक’. कोणतं हे हेडरवरूनच कळतं. अंदाजानं लावलंत आणि एखाद्या दिवशी आकडा बरोबर आला, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

हात बसवायला या डीएलएलपासून सुरुवात करू नका. विंडोजची स्वतःची फंक्शनं घ्या, कारण त्यांची सिग्नेचर मायक्रोसॉफ्टनं नीट लिहून ठेवलेली आहे; चूक झाली तर ती तुमचीच हे तरी नक्की. कर्नल३२ या विंडोजच्या डीएलएलमधलं ‘गेट-डिस्क-फ्री-स्पेस-ईएक्स-डब्ल्यू’ बोलावून बघा. ते एका फोल्डरचं नाव घेतं आणि तीन ठिकाणी आठ-आठ बाइटांचे आकडे लिहितं. डिस्कवर किती जागा उरली ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतंच, ताळा लगेच जुळतो. तुमच्या वजनाच्या फंक्शनाचं हे सख्खं भावंड आहे. त्याच फाइलीतलं ‘गेट-टिक-काउंट’ही बघा. ते संगणक सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले ते बत्तीस बिटांत सांगतं, म्हणून ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतं. काट्यावरचा संगणक दसऱ्याला सुरू झाला की दिवाळी संपली तरी बंद होत नाही. दोन वजनांमधला वेळ असल्या घड्याळावर मोजला की एक दिवस तो उलटा निघतो. त्याचं नावात ६४ असलेलं भावंड वापरा.

एफएफआय-नापीचं काय झालं ते थोडक्यात. ती आणि तिची सोबतीण रेफ-नापी बाहेरच्या मेमरीच्या पत्त्यावर थेट जावास्क्रिप्टचा बफर उभा करत. सप्टेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉन २१ आलं. त्यात व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाभोवती मेमरीचं कुंपण घातलं गेलं, आणि बफरांना कुंपणाबाहेर बोट दाखवायला बंदी झाली. तिथंच तो रस्ता संपला. तेव्हा जुना लेख बघून नोडची (इलेक्ट्रॉनच्या पोटातलं, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं), पायथनची, व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्सची कुठली आवृत्ती जमेल ते शोधत रात्र घालवू नका. कॉफी हीच निवड बरोबर आहे. (के-ओ-एफ-एफ-आय. शोधताना स्पेलिंग चुकलं की खरोखरच्या कॉफीच्या पाककृती येतात.) ती तयार बायनरीसकट येते, बाकी काही कंपाइल करावं लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी काही जीबींची बिल्ड टूल्स उतरवताना लाइट जाणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

मी या धंद्यात शिरलो तेव्हा यातलं काहीच नव्हतं. फायरफॉक्स ३.६ मध्ये, २०१० साली, जेएस-सीटाइप्स नावाची सोय आली; एक्स्टेंशनमधल्या जावास्क्रिप्टनं थेट डीएलएल उघडायचं. एका गिऱ्हाइकासाठी त्यावर बरंच काही उभं केलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं, जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन बंद, सगळं पाण्यात. मग एफएफआय, मग एफएफआय-नापी, आता कॉफी. नोडसारख्याच डेनोत ‘डीएल-ओपन’ आहे, त्याला वेगळी परवानगी देऊनच प्रोग्रॅम चालवावा लागतो. बनमध्येही स्वतःची सोय आहे. मधला हा थर दर काही वर्षांनी बदलतो. काट्याचं डीएलएल मात्र तेच राहतं, कारण काटा तोच राहतो. म्हणून डीएलएलशी बोलणारा कोड एकाच फाइलीत ठेवा. बाकीच्या अ‍ॅपला फक्त ‘वजन दे’ एवढंच माहीत असावं. सी येत असेल तर नोड-एपीआयवर छोटं अ‍ॅडऑन लिहिणं याहून टिकाऊ. ती २०१८ पासून, नोड १० मध्ये, पक्की झालेली आहे आणि नोडची आवृत्ती बदलली म्हणून पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. पण तुमच्या तीन फंक्शनांसाठी ते मी तरी करणार नाही.

आता गोठणारी स्क्रीन. पुन्हा कर्नल३२ मधलंच एक फंक्शन घ्या, ‘बीप’. त्याला ७५० आणि ३००० असे दोन आकडे दिले की तीन सेकंद शिटी वाजते, आणि शिटी संपेपर्यंत ते परत येत नाही. इलेक्ट्रॉनच्या मुख्य प्रोसेसमधून बोलवा आणि त्या वेळात खिडकी माउसनं हलवून बघा. हलणार नाही. जावास्क्रिप्टचा धागा (थ्रेड) एकच, आणि तो डीएलएलच्या आत जाऊन बसलेला आहे. तुमचं काट्याचं फंक्शन गाडी स्थिर होईपर्यंत असंच आत बसतं.

कॉफीत प्रत्येक फंक्शनाला ‘असिंक’ (उत्तराची वाट न बघता मारायची हाक) आहे. ते काम मागच्या धाग्यांकडे जातं आणि स्क्रीन मोकळी राहते. बरेच जण इथं थांबतात. दोन गोष्टी त्यांना नंतर कळतात. एक, मागचे धागे मुळात चारच असतात, आणि फाइल वाचणं, नावावरून पत्ता शोधणं ही नोडची स्वतःची कामंही त्याच चौघांवर असतात. अडतीत दोन काटे असतील, प्रत्येकाला दोन-दोन हाका थांबून राहिल्या, की साधी सेटिंगची फाइलही उघडेना होते. ही संख्या वाढवता येते, पण दुसरी गोष्ट तशी सुटत नाही. आजची हाक एका धाग्यावर जाईल, पुढची दुसऱ्यावर. हार्डवेअरच्या कितीतरी डीएलएलांना हे सहन होत नाही. ज्या धाग्यानं पोर्ट उघडलं त्यानंच वाचावं अशी त्यांची समजूत असते. आतून विंडोजचं ‘कॉम’ (प्रोग्रॅमचे सुटे भाग जोडायची व्यवस्था, पोर्ट नव्हे) वापरत असेल तर ते सुरूच धाग्याधाग्याला करावं लागतं. आणि असिंक असली तरी बांध कोरला गेला की मरते ती अख्खी प्रोसेसच.

माझं ठाम मत: परक्या डीएलएलला मुख्य अ‍ॅपच्या घरात घेऊ नये. त्याला वेगळ्या प्रोसेसमध्ये बसवा. इलेक्ट्रॉन २२ पासून ‘युटिलिटी प्रोसेस’ त्यासाठीच आहे. साधी ‘चाइल्ड प्रोसेस’ही चालते. त्या पोराचं काम एकच. डीएलएल उघडायचं, एका धाग्यावर सिंकच वाचत राहायचं, खुशाल गोठायचं, आणि वजन मिळालं की ते, वेळ आणि ‘स्थिर’ की ‘हलतंय’ एवढं वर पाठवायचं. वरचं अ‍ॅप पाच सेकंद काही ऐकू आलं नाही तर पोराला मारतं आणि नवं उठवतं. ते स्वतःच मेलं तर संपतानाचा कोड नोंदवहीत लिहितं. खिडकीवर ‘काटा जोडतोय’ दिसतं, पावतीत भरलेलं नाव-गाव जागच्या जागी राहतं.

ही अक्कल जालन्यात आली. सळया करणाऱ्या एका रोलिंग मिलच्या काट्याचं काम होतं. भंगार आत येतं, सळई बाहेर जाते, गाड्यांची रांग गेटबाहेर. डीएलएल उघडायला गेलो तर विंडोज म्हणालं, ही चालवता येण्याजोगी फाइलच नाही. चूक क्रमांक १९३. पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणे फाइल खराब उतरली असेल, पुन्हा पाठवतो. तीनदा पाठवली. फाइल ठणठणीत होती. ती ३२-बिट होती आणि माझी प्रोसेस ६४-बिट. एका प्रोसेसमध्ये दोन्ही नांदत नाहीत, याला तोडगा नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर डीएलएल सरळ नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीच्या कचऱ्यात मोठी रोमन अक्षरं पी आणि ई शेजारी-शेजारी दिसतील. त्यांच्यापुढे मोठा एल असेल तर ३२-बिट, लहान डी असेल तर ६४. (१९३ ऐवजी १२६ आला तर गोष्ट वेगळी. ही फाइल किंवा तिला हवं असलेलं दुसरंच डीएलएल सापडत नाही. १२७ म्हणजे फाइल आहे, पण त्या नावाचं फंक्शन नाही.)

सुटका झाली ती वेगळ्या प्रोसेसमुळेच. ३२-बिट नोडचा छोटा मदतनीस, त्याच्यात डीएलएल, आणि वरच्या अ‍ॅपशी बोलणं एका ओळीत एक जेसन. तिथं आणखी एक गंमत दिसली. ३२-बिटमध्ये हाक मारायच्या पद्धती एकाहून जास्त असतात. स्टँडर्ड कॉल असेल तर स्टॅक (हाकेपुरती आर्ग्युमेंटं रचून ठेवलेली मेमरी) फंक्शन आवरतं, सी-डेकल असेल तर हाक मारणारा आवरतो. चुकीची लिहिली की दोघंही आवरतात किंवा कुणीच आवरत नाही. पण स्टँडर्ड कॉलच्या नावामागं बऱ्याचदा ‘@८’ असा शेपूट चिकटलेला असतो. तो आकडा म्हणजे आर्ग्युमेंटचे एकूण बाइट. पोर्टचा इंट चार, पॉइंटर चार, झाले आठ. म्हणजे हेडर नसतानाही निदान एवढा ताळा करता येतो. तुम्हाला ३२-बिट लागलंच तर लक्षात ठेवा, नोडनं २३ व्या आवृत्तीपासून विंडोजची ३२-बिट बायनरी बंद केली. २२ वर थांबावं लागेल.

कॉलबॅकबद्दल दोनच शब्द. काही डीएलएल ‘वजन बदललं की मीच कळवतो’ म्हणतात आणि स्वतःच्या धाग्यावरून तुमचं फंक्शन बोलावतात. कॉफी ते मुख्य धाग्यावर आणून चालवते, तोवर त्यांचा धागा थांबून राहतो. त्याच वेळी तुमचा मुख्य धागा डीएलएलच्या आत थांबला असेल तर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, कायमचे. आणि कॉलबॅक नोंदवून ठेवा, नोंद काढेपर्यंत हातात धरा. मी तरी कॉलबॅक टाळतो, दर पाव सेकंदाला आपणच विचारावं.

पावतीवरच्या अक्षरांचं कोडं सगळ्यात मजेचं आहे. विंडोजच्या मजकूर घेणाऱ्या जुन्या फंक्शनांची दोन-दोन रूपं असतात, शेवटी ए किंवा डब्ल्यू. डब्ल्यूवालं यूटीएफ-१६ (युनिकोड अक्षरांची एक मांडणी) घेतं, जे जावास्क्रिप्टचं स्वतःचंच आहे. एवालं संगणकाच्या कोडपेजमध्ये (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) बोलतं, आणि भारतात साधारण ते पश्चिम युरोपचं १२५२ असतं. मराठी-हिंदीसाठी विंडोजनं असं कोडपेज कधी लावलंच नाही. देवनागरी सुरुवातीपासून युनिकोडमध्येच. तुमच्या डीएलएलचं छपाईचं फंक्शन साधं ‘चार’ घेतं. कॉफीनं ‘जालना’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये दिला. ज, काना, ल, न, काना, अशी पाच चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, झाले पंधरा. डीएलएलनं ते १२५२ समजून एकेक बाइट छापला. पाच चिन्हांच्या जागी पंधरा, आणि दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला तोच तो युरोपीय ए. तुमच्या पावतीवर मोजून बघा. परदेशी अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं आली असती तर कुणीतरी वाटेत यूटीएफ-१६ चं कोडपेजमध्ये रूपांतर केलं असं समजायचं; तिथं मूळ अक्षरं कायमची गेलेली असतात.

विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून एखाद्या प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये ‘माझं कोडपेज यूटीएफ-८’ असं लिहिता येतं, पण परकं डीएलएल आतून काय करतं त्यावर ते चालेल की नाही अवलंबून. या वाटेला जाऊ नका. छपाई डीएलएलकडे देऊच नका. इलेक्ट्रॉनमध्ये अख्खं ब्राउझर इंजिन बसलंय, जोडाक्षरं त्याला छान जमतात. काटापट्टी एचटीएमएलमध्ये मांडा आणि तिथूनच छापा. डीएलएलकडून फक्त आकडा घ्या.

किरकोळ दोन गोष्टी. अ‍ॅप बांधताना डीएलएल असार फाइलीच्या (इलेक्ट्रॉन सगळ्या फाइलींचं जे गाठोडं बांधतं त्याच्या) आत गेलं तर ते उघडणार नाही, कारण विंडोजला असार म्हणजे एकच फाइल दिसते; त्याला बाहेर ठेवायची सेटिंग आहे. आणि चूक झाल्यावर ‘गेट-लास्ट-एरर’ (विंडोजचा शेवटचा चूक क्रमांक) वेगळ्या हाकेनं विचारलं तर मधल्या वेळात नोडनंच दुसरं काही करून तो आकडा बदललेला असू शकतो. तो इशारा समजा, पुरावा नाही.

एका बाबतीत मात्र हयगय नको. पोर प्रोसेस मेली, किंवा वाचन जुनं झालं, तर स्क्रीनवरचा आधीचा आकडा पुसा. रेघ दाखवा, शून्यसुद्धा दाखवू नका. मागच्या ट्रॅक्टरचं वजन पुढच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर गेलं तर त्याला सॉफ्टवेअरची चूक कुणी म्हणणार नाही, अडत्यानं काटा मारला म्हणतील. ‘गाडी कवापासून उभी हाय, काय करायलास रे’ हे ऐकून घेता येतं; ते दुसरं ऐकून घेता येत नाही. वैधमापनची मोहोर काट्यावर आणि इंडिकेटरवर असते. तुमचं अ‍ॅप तो आकडा जसाच्या तसा उचलणारं हवं, मध्ये कुठं गोळाबेरीज नको.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक विचारतो. इंडिकेटरच्या मागं नऊ पिनांचं पोर्ट आहे का? बहुतेक भुईकाट्यांचे इंडिकेटर तिथून वजन साध्या अक्षरांत सतत पाठवत असतात, आणि अशी डीएलएल पुष्कळदा तेवढंच वाचून तुम्हाला देतात. पुट्टी (पोर्टवर काय येतंय ते दाखवणारा छोटा प्रोग्रॅम) उघडा, तो कॉम पोर्ट द्या, वेग ९६०० ठेवून बघा, नाही जमलं तर २४०० आणि ४८००. स्क्रीनवर आकडे पळताना दिसले तर नोडच्या ‘सीरियलपोर्ट’ पॅकेजनं काम होतं आणि डीएलएल डब्यात. तेच क्रोमच्या वेब सीरियलनंही होतं, ८९ व्या आवृत्तीपासून. मी स्वतः आधी हेच बघतो. काही काटे मात्र कंपनीच्या डीएलएलशिवाय तोंड उघडत नाहीत, म्हणून वरचं सगळं.

उद्या गेल्यावर अ‍ॅपला हात लावू नका. वीसेक ओळींची वेगळी स्क्रिप्ट लिहा: डीएलएल उघडणं, वजनासाठी आठ बाइटांची जागा डबल म्हणून देणं, आणि दर सेकंदाला आकडा आणि वेळ छापणं. काटा रिकामा असताना दोन हमालांना सोयाबीनचा एकेक कट्टा घेऊन वर उभं करा. अशा काट्याचा टप्पा पाच किंवा दहा किलोचा असतो, त्यामुळे आकडा हलायलाच हवा, आणि इंडिकेटरवर जो दिसतो तोच स्क्रिप्टमध्ये यायला हवा. मग स्क्रिप्ट तशीच चालू ठेवून जेवायला जा. परत आल्यावर ती चालू असेल तर सिग्नेचर जमली. बंद असेल तर तो संपतानाचा कोड आणि फंक्शनाची ओळ मला कळवा.